विहार चालवताना

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडच्या मागच्या वस्तीत आमचं विहार आहे. एक हॉल, पुढे टिनाची पडवी, बाजूला बोअरवेल आणि आवारात पिंपळ. आत बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा अर्धपुतळा, भिंतीवर रमाई, फुले दांपत्य आणि शाहू महाराज. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांतले ६५ लाखांवर महाराष्ट्रातले. त्यामुळे अशी विहारं आपल्याकडे वस्तीगणिक दिसतात. बहुतेकांची तऱ्हा आमच्यासारखीच: मुक्कामी भंते नाहीत, पगारी माणूस नाही, जे काही होतं ते वस्तीच करते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथे आधी सचिव होते, मग खजिनदार. त्या कामात जे कळत गेलं ते नव्या कमिटीच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

१. किल्ली एका घरी ठेवू नये

ज्याच्या घरी किल्ली, तो हळूहळू मालक होतो. यात त्याचा दोष नसतो. लोकच विचारू लागतात, "भाऊ, उद्या विहार भेटन काय?" आणि कधीतरी त्याच्या तोंडून "पाहतो" निघतं. काळाराम मंदिराच्या दारासाठी ज्या समाजाने १९३० साली नाशिकला सत्याग्रह केला, त्याने स्वतःच्या दाराशी असं ताटकळावं, हे काही बरं नाही. आम्ही तीन किल्ल्या केल्या. एक महिला मंडळाकडे, एक पोरांकडे आणि एक समोरच्या किराणा दुकानात. दुकानदार आपल्या समाजाचा नाही. त्याचं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं, एवढीच पात्रता पाहिली.

२. वंदना सगळ्यांना घेता आली पाहिजे

भंतेजी येतात ते वर्षावासात किंवा मोठ्या कार्यक्रमाला. एरवी लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन हे सगळं बौद्धाचार्य पाहतात. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या शिबिरांतून ते शिकून येतात. पण बौद्धाचार्यांनाही नोकरी असते, बदली असते, गुडघे असतात. म्हणून रविवारच्या वंदनेची पाळी लावली. पाळी ज्याची, चाल त्याची, हेही तेव्हाच ठरवून टाकलं. कारण आमच्या आज्या गाथा लांबवून म्हणतात आणि पोरं मोबाइलवर ऐकलेल्या चालीत पुढे पळतात. दोन्ही गट एकत्र येतात ते थेट शेवटच्या 'साधू, साधू, साधू'ला.

पंचशील झालं की एखाद्या मुलाने किंवा मुलीने एका शीलावर मराठीत दोन मिनिटं बोलायचं. मद्यापासून दूर राहायचं सांगणाऱ्या पाचव्या शीलावर सहावीतली मुलगी उभी राहिली की काही बापांचं लक्ष एकदम सतरंजीच्या धाग्यांकडे जातं. या विषयावरची मोठ्यांची भाषणं मी पुष्कळ ऐकली. त्यांत कोणाची मान खाली गेलेली पाहिली नाही.

३. वर्षावासात वाचणाऱ्याला अडवू नये

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने हा आमचा सगळ्यात लांब सण. पावसाळ्यात भिक्खू फिरणं थांबवून एका जागी राहत, त्यावरून हा वर्षावास आला. वस्तीत तो पाळायचा म्हणजे रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचा. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आठ खंड, आणि मजकूर आकडे घातलेल्या छोट्या छोट्या परिच्छेदांत. त्या आकड्यांचा आम्हाला फार उपयोग होतो. काल कुठे थांबलो ते फळ्यावर खडूने लिहून ठेवता येतं आणि प्रत्येकाला चार-पाच आकडे वाटून देता येतात.

वेळ ठरवताना शेताकडे पाहावं. हेच दिवस निंदणाचे आणि फवारणीचे. बाया दिवस मावळताना घरी येतात, मग चूल पेटते. सातचं वाचन ठेवलं तेव्हा पेन्शनर तेवढे वेळेवर हजर असत. साडेआठ केलं आणि पाऊण तासाच्या वर न्यायचं नाही असं ठरलं, तेव्हा हॉल भरू लागला.

एका रात्री एका सुनेच्या वाट्याला 'परिव्रज्या' आली. ती थांबली. बोट ओळीवरच ठेवलं, दुसऱ्या हाताने पदर सावरला, 'परि' म्हणाली आणि पुन्हा थांबली. मागून एका निवृत्त साहेबांनी शब्द पुरवला, वर त्याचा अर्थही सांगितला. तिने आपले आकडे कसेबसे पुरे केले. दुसऱ्या दिवसापासून "चष्मा नाही आणला" सांगून ती भिंतीशी बसू लागली. तिला परत पुढे आणलं ते एका आजीने. "वाच न वं! अडकलं त काय होते? बाबासाहेबानं काय फक्त साहेबायसाठीच लिवलं काय?" साहेब हसले, पण ऐकलं त्यांनी. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तेव्हापासून कायमचं लिहिलं आहे: वाचन पूर्ण होईपर्यंत कोणी बोलू नये.

४. बैठकीतून उठण्याआधी इतिवृत्त लिहावं

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खुसंघाची आठवण दिली होती. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सगळं त्या काळी संघाला ठाऊक होतं, म्हणजे संसदीय पद्धत या देशाला परकी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नव्या कमिटीच्या पहिल्या बैठकीत मी हा भाग वाचून दाखवत असे. कारण आमच्याकडे निर्णय हॉलमध्ये होतो आणि मोडतो पानठेल्यावर.

त्यावर उपाय साधा आहे. ठराव मोठ्याने वाचायचा, सूचक आणि अनुमोदक लिहायचे, सह्या आणि अंगठे तिथेच घ्यायचे. आणि 'सर्वानुमते' हा शब्द खरोखर सर्वांचं मत असल्याशिवाय लिहायचा नाही. विरोध असेल तर 'विरोध: तीन' असं लिहावं. ज्याचा विरोध वहीत नोंदला गेला, तो बाहेर जाऊन कमी बोलतो.

बैठकीची वेळही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी बैठक रात्री नऊनंतर व्हायची, म्हणजे आपोआप पुरुषांची व्हायची. ती रविवारी दुपारी तीनला आणली आणि बाया येऊ लागल्या. त्यांच्या संख्येवर मंजूर झालेला पहिला ठराव आवारात संडास-बाथरूम बांधण्याचा होता. त्याआधी कितीतरी बैठका प्रवेशद्वाराच्या कमानीवर खर्ची पडल्या होत्या. कमानीला देणगीदार मिळतो. संडासाला मिळत नाही, कारण त्यावर नाव टाकायला कोणी तयार नसतं. शेवटी तो वर्गणीतून झाला. कमानीचं अजून चालू आहे.

५. भोजनदानाच्या दिवशी घड्याळ भंतेजींचं चालतं

भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत. त्यामुळे अकराचा कार्यक्रम एकला सुरू करण्याची आपली सवय भोजनदानाला चालत नाही. अकराला ताट वाढायचं तर चुली पहाटे पेटल्या पाहिजेत आणि आलू-वांगी आदल्या रात्रीच मोजून घेतली पाहिजेत. वरण, भात, पोळी, आलूवांग्याची रस्सेदार भाजी आणि बुंदी, एवढा बेत ठरलेला आहे. त्यात नवीन काही घुसवण्याचा उत्साह ज्याला येईल, त्याने पहाटे चारला हजर राहावं, असा नियम केला. उत्साह बराच कमी झाला.

वैशाखी पौर्णिमेची गोष्ट वेगळी. सुजाताच्या खिरीची आठवण म्हणून त्या दिवशी खीरदान असतं आणि आमच्याकडे तेव्हा पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो. सकाळी घेतलेलं दूध संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दूध चारनंतर आणावं, आणताच तापवावं. गूळ घालायचा असेल तर खीर खाली उतरवून निवल्यावर घालावा, नाहीतर गंजभर खीर फाटते. आणि पहिली पंगत बसण्याआधी एक गंज झाकून बाजूला ठेवावा. वाढणारी पोरं आणि चुलीपाशी राबलेल्या बाया सगळ्यांत शेवटी जेवतात, त्यांच्या वाट्याला नुसता रस्सा येऊ नये. भांडी घासायचं काम पुरुषांकडे आहे. हाही बायकांचाच ठराव, विरोध: सात.

६. जयंतीला पोरांना उपदेश करू नये, हिशेब द्यावा

बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली. आज १४ एप्रिल हा आमच्या वस्तीचा सगळ्यात मोठा दिवस आहे आणि सगळ्यात मोठं भांडणही त्याच दिवसावरून होतं: डीजे आणायचा की नाही. म्हातारे म्हणतात, धांगडधिंगा नको. पोरं म्हणतात, वर्षातून एक दिवस आमचा असतो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

एका वर्षी जयंती समिती पूर्ण पोरांच्या हाती दिली. सोबत एक कागद दिला. डाव्या बाजूला डीजेचं भाडं, जनरेटर, वाहन. उजव्या बाजूला तेवढ्याच पैशांत येणारी टेबलं, ट्यूबलाइट आणि पुस्तकं. बाकी आम्ही काही बोललो नाही. पोरांनी दोन दिवस घोळ घातला आणि डीजे पूर्ण बंद न करता एका संध्याकाळपुरता ठेवला. सकाळच्या मिरवणुकीत लेझीम आणि ढोल आले. रात्री माइक आज्यांकडे गेला. वामनदादा कर्डक यांनी गावोगाव गाऊन रुजवलेली गाणी आमच्या आज्यांना पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत येतात. पोरांना त्यांचं ध्रुवपदच माहीत होतं. ती चक्क वही घेऊन बसली. मिरवणुकीचा मार्ग मात्र पोलिस ठाण्यात लिहून दिला असेल तसाच ठेवावा. आयत्या वेळी एक गल्ली वाढवली की पुढच्या वर्षीच्या परवानगीला चार फेऱ्या वाढतात.

७. नागपूरहून रिकाम्या हाताने येऊ नये

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपूरला भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला २२ प्रतिज्ञांसह धम्मदीक्षा दिली. दोन दिवसांनी, १६ तारखेला, चंद्रपूरला तसाच सोहळा झाला. आमच्या वस्तीतली जुनी माणसं त्या गर्दीत होती. आता दरवर्षी दसऱ्याला अर्धी वस्ती दीक्षाभूमीला जाते. तिथली पुस्तकांची दुकानं ही आमच्या लोकांची खरी जत्रा. प्रत्येक घराने एक पुस्तक आणायचं, वाचून झालं की विहारात द्यायचं, असं ठरवलं. विहाराचं कपाट असंच भरलं. एकाच पुस्तकाच्या सहा-सहा प्रती जमतात, हा त्यातला दोष. त्यावर उपाय म्हणून निघताना यादी हातात द्यावी.

८. देणगीदारांची नावं सारख्या अक्षरांत लिहावीत

आमच्या हॉलमधल्या पंख्यांच्या पात्यांवर नावं आहेत. एका पात्यावर 'कालकथित' म्हणून वडिलांचं नाव, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर मुलांची नावं आणि 'सप्रेम भेट'. पंखा फिरत असला की काहीच वाचता येत नाही. वीज गेली की दाते कळतात. बाहेरून आलेली शिकलेली मंडळी याला हसतात. त्यांना मी कार्ल्याच्या लेण्याचं सांगते. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरच्या शिलालेखात धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने द्वार दान दिल्याची नोंद आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका माळ्याच्या दानाची नोंद आहे. नाव लिहून दान देणं आपल्या डोंगरांत दोन हजार वर्षांपासून चालत आलं आहे, आणि ते देणारे सगळे राजे नव्हते.

म्हणून नावाला ना नाही. पण वर्गणीच्या पाटीवर ५१ रुपये आणि ५,००१ रुपये सारख्याच अक्षरांत, पावतीच्या तारखेनुसार लागतात. मोठी रक्कम वर घेतली की पुढच्या वर्षी ५१वाली घरं दार उघडायला वेळ लावतात. आणि सण उरकल्यावर आठ दिवसांच्या आत जमाखर्च पडवीत लावावा. तूट आली तर तूट लिहावी. हिशेब उशिरा लागला की तो कितीही चोख असला तरी लोकांना आधी उशीरच दिसतो.

९. सतरंजी मागणाऱ्याची जात विचारू नये

विहाराच्या सतरंज्या, गंज, पाण्याचे ड्रम आणि माइक ही वस्तीची सामाईक मालमत्ता आहे, आणि वस्तीत फक्त आपणच राहत नाही. मातंग आहेत, मुसलमान आहेत, बंजारा आहेत. मयतीच्या घरी सामान फुकट जातं, लग्नाला थोडं भाडं घेतो. नेताना आणि परत आल्यावर मोजणी दोघांच्या सहीने होते. या एका वहीमुळे वस्तीतली अनेक भांडणं सुरूच झाली नाहीत.

विहारात लग्न करणाऱ्यांनी तारीख लवकर सांगावी. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, फुलांचा वर्षाव, तासा-दीड तासात मंगल परिणय उरकतो. आम्ही मुहूर्त मानत नाही, तेव्हा सगळे दिवस सारखेच असायला पाहिजेत. पण मे महिन्यात प्रत्येकाला रविवारच पाहिजे असतो.

१०. बारा पौर्णिमा पाळाव्यात, बारा भाषणं ठेवू नयेत

वैशाखीला बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण. आषाढीला सारनाथला पाच परिव्राजकांना दिलेलं पहिलं प्रवचन. ज्येष्ठाला महेंद्र थेरांचं श्रीलंकेत आगमन. प्रत्येक पौर्णिमेला काही ना काही आहे. प्रत्येकीला वक्ता बोलावला तर माघ येईपर्यंत ऐकायला वक्ता आणि अध्यक्ष दोघेच उरतात. काही पौर्णिमांना नुसती वंदना घ्यावी, ध्वज बदलावा, चहा प्यावा आणि घरी जावं.

११. मार्चमध्ये माइक बंद

दहावी-बारावीच्या दिवसांत विहार अभ्यासिका होतं. वस्तीतली घरं दोन खोल्यांची, त्यांत टीव्ही, त्यांत पाहुणे. जयंतीच्या हिशेबाच्या उजव्या बाजूची टेबलं आणि ट्यूबलाइट शेवटी इथेच आले. आता स्पर्धा परीक्षांची मुलं वर्षभर बसतात. त्या महिन्यात कोणाचाही, अगदी अध्यक्षांच्या घरचाही कार्यक्रम असला, तरी माइक लागत नाही.

एक गोष्ट कोणीच ठरवून केली नव्हती. आवारात संडास-बाथरूम झालं आणि अभ्यासिकेत मुलींची संख्या वाढली. आधी त्या तास-दीड तासात उठून घरी जात आणि परत येत नसत. त्यांना अभ्यासाची आवड कमी, असा आमच्यातल्या शहाण्यांचा निष्कर्ष होता.

१२. पद सोडताना वारस नेमू नये

बुद्धांनी आपल्यामागे संघाचा प्रमुख नेमला नाही. धम्म हाच तुमचा मार्गदर्शक, असं त्यांनी सांगितलं. बाबासाहेबांच्या ग्रंथातही हा भाग आहे, आणि वर्षावासात तो वाचायला निघाला की पदाधिकारी मंडळी जरा सावरून बसतात. छोट्या विहारात सगळ्यात अवघड सण कोणता विचाराल तर कमिटी बदलण्याचा. माणूस इतकी वर्षं राबलेला असतो की विहार म्हणजे आपणच असं त्याला वाटू लागतं. वस्तीलाही तेच सोयीचं असतं, कारण मग बाकीच्यांना काही करावं लागत नाही.

मी खजिनदारपद सोडलं तेव्हा मला नाव सुचवायला सांगितलं होतं. सुचवलं नाही. मतदान झालं आणि अभ्यासिकेत बसून बी.कॉम. झालेली एक मुलगी निवडून आली. तिने आल्या आल्या पावतीपुस्तकाशेजारी मोबाइलने पैसे भरायचा कोड चिकटवला आणि दहा हजारांवरच्या खर्चाला तीन दरपत्रकं मागायला सुरुवात केली. जुनी माणसं वैतागली आहेत. संध्याकाळी कोणी ना कोणी माझ्या दारात येतं. "मॅडम, तुमीच सांगा न तिले. तुमचं आयकन ते."

मी त्यांना चहा देते. आणि सांगते, रविवारी तीनला बैठक आहे, तिथे बोला. विरोध असेल तर वहीत लिहून घ्या.